खरी नक्कल आणि खोटे अस्सल

सातबाराचा उतारा हवा असो की शाळा सोडल्याचा दाखला, सरकारी कामात एक गोष्ट आपण सगळ्यांनी अनुभवली आहे. मूळ नोंद दप्तरात राहते. आपल्या हाती पडते ती नक्कल, आणि तिच्यावर शिक्का उठवलेला असतो : 'खरी नक्कल'. या दोन शब्दांत मोठी मौज आहे. नक्कल म्हटली की ती खोटी, असे आपण बोलताना धरून चालतो. आणि इथे तर नक्कल, आणि तीही खरी! पण विचार केला की उलगडा होतो. तो कागद आपण होऊन सांगतो की, बाबांनो, मी मूळ नव्हे, मुळावरून उतरलेला आहे. तो हे कबूल करतो म्हणूनच कचेरीत त्याला मान मिळतो.

आज ज्या गोष्टीविषयी बोलायचे आहे, ती या शिक्क्याशीच निगडित आहे. पण ती घडते दूर, अमेरिकेत आणि इंग्लंडात, जुन्या मोटारींच्या बाजारात. तुम्ही म्हणाल, लक्षाधीशांच्या खेळण्यांशी आम्हां खेड्यापाड्यांतल्या माणसांना काय करायचे आहे? थोडे ऐकून घ्या. मोटार त्यांची असेल, पण प्रश्न कागदाच्या इमानाचा आहे, आणि कागदाने तारलेली नि कागदाने बुडवलेली घरे आपल्याकडेही कमी नाहीत.

आधी थोडा इतिहास पाहू. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत मोटारींची विक्री भरमसाट वाढली. दुकानदार तोंडाला येईल ती किंमत सांगत, आणि गिऱ्हाईक गोंधळून जाई. तेव्हा ओक्लाहोमा राज्याचे सिनेटर माइक मनरोनी यांनी पुढाकार घेतला आणि १९५८ साली एक कायदा झाला. प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर कारखान्याने एक छापील चिठ्ठी चिकटवायची : गाडी कोणती, मूळ किंमत किती, जादा वस्तू कोणत्या घातल्या आणि त्यांचे किती. गिऱ्हाइकाच्या हाती गाडी पडेपर्यंत ती चिठ्ठी काढायची नाही. लोक आजही तिला मनरोनी यांच्या नावाने ओळखतात. गिऱ्हाइकाची फसवणूक थांबावी, एवढाच तिचा हेतू होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

दुसरा कागद कारखान्याच्या आतला. मोटारीचा सांगाडा एका कामगाराकडून दुसऱ्याकडे सरकत जाई, तसतसे तिच्यावर एकेक भाग बसे. या गाडीला कोणते इंजिन, कोणता रंग, कोणती आसने, हे कामगाराला कळावे म्हणून एक पत्रक गाडीबरोबर फिरे. काम झाले की पत्रकाची किंमत संपली. कोणी ते आसनाच्या स्प्रिंगांत खोचून देई, कोणी पेट्रोलच्या टाकीवर राहू देई. गाडी विकली जाई, आणि तो कागद आत तसाच वर्षानुवर्षे पडून राही. तिसरी वस्तू म्हणजे शेव्हरोलेसारख्या गाड्यांबरोबर १९६५ पासून १९७२ पर्यंत मिळणारी हमीच्या पुस्तकातली धातूची लहानशी पट्टी. हमीच्या मुदतीत दुरुस्तीला गाडी आणली की त्या पट्टीवरचा मजकूर ठशासारखा कागदावर उठवीत.

चिठ्ठी गिऱ्हाइकाने फाडून टाकावी, पत्रक उंदरांनी कुरतडावे, पट्टी कपाटात हरवावी, असाच त्यांचा शेवट ठरलेला होता. कोणी त्या मुद्दाम जपल्या नाहीत. मग काळ बदलला.

१९६४ च्या सुमारास अमेरिकेतल्या कारखान्यांनी मध्यम आकाराच्या गाडीत भले थोरले इंजिन बसवून तरुणांना विकायला सुरुवात केली. पॉन्टिॲकची जीटीओ ही त्यांतली गाजलेली गाडी. ही लाट सात-आठ वर्षे चालली. पुढे विम्याचे दर चढले, धुरावर निर्बंध आले, १९७३ साली तेलाचा भाव भडकला, आणि लाट ओसरली. त्या गाड्या भंगारात गेल्या, गंजल्या, झाडांवर आदळल्या. ज्या उरल्या, त्यांना तीस-चाळीस वर्षांनी सोन्याचे दिवस आले. १९७१ सालची प्लिमथ कंपनीची 'कुडा' नावाची एक उघड्या टपाची मोटार घ्या. तिच्यात 'हेमी' हे मोठे इंजिन घालायला त्या वेळी आठ-नऊशे डॉलर जादा पडत. अशा इंजिनाच्या उघड्या टपाच्या गाड्या त्या साली अवघ्या अकरा निघाल्या. त्यांतली एक २०१४ साली लिलावात पस्तीस लाख डॉलरांना गेली.

आता खरी अडचण ऐका. प्रत्येक गाडीवर कारखान्याचा एक क्रमांक कोरलेला असतो. १९८१ पासून अमेरिकेत हा क्रमांक सगळ्यांसाठी सतरा आकडी-अक्षरी झाला. त्याआधी ज्याची त्याची रीत वेगळी होती. प्लिमथच्या क्रमांकात इंजिनाची खूण असे. पण १९६४ आणि १९६५ या वर्षांत जीटीओ ही वेगळी गाडी नव्हती. साध्या गाडीवर पैसे भरून घेतलेला तो जादा संच होता. त्यामुळे साधी गाडी आणि जीटीओ यांच्या क्रमांकांत फरक दिसत नाही; तो दिसू लागला १९६६ पासून. १९७० सालच्या शेव्हरोले शेव्हेलचेही तसेच. क्रमांक सांगतो की इंजिन आठ सिलिंडरांचे आहे. ते साधे, की सर्वांत जबरदस्त, हे तो सांगत नाही. मग ओळखायचे कशावरून? गाडी बघून उपयोग नाही. साध्या गाडीत मोठे इंजिन कोणताही चांगला मिस्त्री बसवून देईल. उरतो तो कागद, आसनाखाली खोचलेला, उंदरांनी कोपरा खाल्लेला. एका कागदामुळे तीच गाडी दुप्पट-तिप्पट किंमतीची होते.

जिथे कागदाला एवढे मोल, तिथे कागद करणारे येणारच. जुन्या चिठ्ठीचा हुबेहूब नमुना, त्याच अक्षरांच्या वळणाचा, छापून देणारे लोक आहेत. पत्रकांचे कोरे नमुने मिळतात. धातूच्या पट्ट्याही नव्याने ठोकून मिळतात. यांतले पुष्कळ लोक प्रामाणिक आहेत. तेव्हा सगळ्यांना एका दावणीला बांधण्यापूर्वी नीट निवड करू.

पहिला मनुष्य गाडीचा हौशी मालक. त्याच्याकडे मूळ चिठ्ठी आहे, पण ती जीर्ण झाली आहे. प्रदर्शनात उन्हात लावली तर उरलीसुरली जाईल. तो हुबेहूब नक्कल करवून काचेवर लावतो आणि मूळ घरी पेटीत ठेवतो. त्याच्याविरुद्ध कोण काय बोलेल? आपल्या शाळेतले गुरुजी जुन्या पत्राचे छायाचित्र मुलांना दाखवतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसऱ्याकडे मूळ चिठ्ठी नाही. पण गाडीत कारखान्याने काय काय घातले होते, हे त्याला इतर खात्रीच्या नोंदींवरून ठाऊक आहे. तो त्या माहितीवरून नवी चिठ्ठी छापवून घेतो. मजकूर खरा, कागद नवा.

तिसऱ्याची गाडी साधी आहे. तो मोठ्या इंजिनाचे पत्रक तयार करवतो, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळे करतो, कडा कुरतडतो, घड्या घालतो, आणि विकताना म्हणतो, "आसन उसवले, तर आत हे सापडले!"

तिसरा लबाड आहे, यात वाद नाही. अमेरिकेत गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी खेळ करणे हा १९८४ पासून मध्यवर्ती सरकारच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि खोटा कागद दाखवून गाडी विकणे ही तर उघड फसवणूक. पेच आहे तो दुसऱ्याचा. तो काय म्हणतो, हे त्याच्याच बाजूने मांडून पाहू, कारण त्याचे म्हणणे हलके नाही.

तो म्हणतो : "माझ्या गाडीचे आसन फाटले होते, मी जुन्या नमुन्याचे कापड आणून नवे शिवले. तुम्ही शाबासकी दिलीत. रंग उडाला होता, मी मूळ छटेचा रंग दिला. तुम्ही बक्षीस दिलेत. रबरी पट्ट्या, काचा, दिव्यांची भिंगे नवी घातली, कोणी हरकत घेतली नाही. मग कागदच तेवढा काय सोवळा? तोही गाडीबरोबर आलेला एक भागच. तो नाहीसा झाला, मी नवा केला. त्यात एक अक्षर खोटे नाही."

श्रोतेहो, या युक्तिवादात एक बारीक चूक आहे. आसन बसण्यासाठी असते. नवे आसन जुन्याइतकेच बसायला चांगले, तेव्हा त्याने आपले काम केले. कागदाचे काम निराळे आहे. कागद साक्षीदार आहे. १९७० साली कारखान्यात ज्याने ते पत्रक छापले, त्याला पुढच्या किंमतीची काही कल्पना नव्हती. खोटे लिहून त्याला एका पैचा लाभ नव्हता. म्हणून त्याची साक्ष मोलाची. आज तोच मजकूर जो छापतो, त्याला गाडीची किंमत ठाऊक आहे. मजकूर अक्षरशः तोच असला, तरी साक्षीदार बदलला. गावच्या पंचायतीत समजा, बांधाच्या भांडणात एक म्हातारा सांगतो की दगड इथेच होता. तो वारला. मग त्याचा नातू त्याचे धोतर नेसून, त्याच्या आवाजात तेच वाक्य बोलू लागला, तर आपण काय म्हणू? वाक्य खरेही असेल, पण आजोबांच्या आवाजात बोलू नकोस. तू नातू आहेस हे सांग, आणि मग खुशाल बोल.

आणखी एक गोष्ट. हा दुसरा मनुष्य स्वतः कोणाला फसवत नाही. ज्याला गाडी विकतो, त्याला खरे सांगतो. पण मोटार माणसापेक्षा जास्त टिकते. तो दुसरा मालक वारतो, त्याच्या मुलांना काही ठाऊक नसते. पेटीत चिठ्ठी सापडते. तोवर ती खरोखरच पिवळी पडलेली असते, चहाची गरज नाही. मुले भोळेपणाने सांगतात, ही मूळ चिठ्ठी. तिसरा गिऱ्हाईक आयुष्याची पुंजी ओततो. इथे खोटे कोण बोलले? कोणीच नाही. तरी खोटे उभे राहिले. ज्याने नकलेवर 'नक्कल' लिहिण्याचा आळस केला, त्याच्या आळसाचे हे फळ. आणि गंमत पाहा, गिऱ्हाइकाची फसवणूक थांबावी म्हणून १९५८ साली जी चिठ्ठी जन्माला आली, तीच आता फसवणुकीचे साधन झाली.

यावर उपाय काय? पहिला उपाय जुना आणि आपल्या ओळखीचा आहे : दप्तर. पॉन्टिॲकच्या जुन्या कारखाना-पावत्यांच्या नोंदी टिकल्या आहेत. क्रमांक कळवून शुल्क भरले की तुमच्या गाडीच्या नोंदीची प्रत मिळते. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांचीही अशी नोंद मिळते. शेव्हरोलेच्या कॅनडात विकलेल्या गाड्यांच्या नोंदी राहिल्या. अमेरिकेत विकलेल्यांच्या गाडीवार नोंदी मात्र बहुतांशी उरल्या नाहीत. जिथे दप्तर आहे, तिथे खोट्या कागदाची डाळ शिजत नाही. जिथे नाही, तिथेच त्याचे फावते. आपल्याकडे हे नवे नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती आले. पुढे इनामांची चौकशी निघाली, १८५२ साली इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले. घरातली सनद कितीही जुनाट दिसली, तरी तिची गाठ पुण्याच्या दप्तराशी घातली जाई. त्या चौकशीत सरकारचा डोळा महसुलावर होता, हे खरे. पण कागदाला कागदाने ताडायची रीत मात्र तीच.

इंग्लंडात दप्तर हरवल्याने काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. १९२० च्या कायद्याप्रमाणे तिथे १९२१ पासून प्रत्येक मोटारीला जिल्ह्याच्या कचेरीतून नोंदपुस्तक मिळू लागले. मालक बदलला की त्यात नोंद होई, शिक्का पडे. १९७४ पासून सगळी नोंद स्वान्सी गावच्या एका मध्यवर्ती कचेरीत गणकयंत्रावर जाऊ लागली. कोठारात वर्षानुवर्षे पडून असलेल्या जुन्या गाड्या राहून गेल्या. १९८३ च्या नोव्हेंबरअखेर ज्यांची नोंद झाली नाही, त्यांचा जुना क्रमांक दप्तरातून गेला. तो परत हवा, तर जुना पुरावा आणा, आणि मान्यताप्राप्त मोटार-मंडळाची शिफारस आणा, असा नियम झाला. मग कोठारातल्या मळकट नोंदपुस्तकाला अचानक मोल आले. आणि मोल आले की मोह आला.

'मूळ' म्हणजे तरी काय, हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयातही गेला होता. बेन्टली कंपनीची 'ओल्ड नंबर वन' नावाची शर्यतीची गाडी होती. फ्रान्समधल्या ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ साली जिंकली आणि १९३० साली पुन्हा जिंकली. दोन्ही वेळा वूल्फ बार्नाटो तिच्या चालकांपैकी एक होता. पुढे तिच्यात आणखी मोठे इंजिन आले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या कडेवरून खाली गेली आणि तिचा चालक क्लाइव्ह डनफी प्राणास मुकला. तिची पुन्हा बांधणी झाली, अंगावर बंद टपाचा साज चढला. १९९० साली तिचा एक कोटी पौंडांना सौदा ठरला. मग घेणाऱ्याने पाय मागे घेतला : ही ती गाडीच नव्हे, हिच्यात १९२९ सालचे उरले आहे काय? विकणारा न्यायालयात गेला.

न्यायमूर्ती ऑटन यांनी सगळा इतिहास तपासला. १९२९ सालचे भाग फारच थोडे उरले आहेत, हे दिसले. तरी त्यांनी निकाल दिला की हीच खरी 'ओल्ड नंबर वन'. कारण तिचे आयुष्य कुठे तुटले नाही. ती धावत राहिली, मोडत राहिली, दुरुस्त होत राहिली, आणि या सगळ्याचा माग लागतो. आजोबांच्या बैलगाडीचे चाक बदलले, जू बदलले, साटीही बदलली, तरी आपण तिला आजोबांची गाडी म्हणतो, कारण प्रत्येक बदल आपल्या डोळ्यांसमोर झाला. ती घरातून कधी बाहेर गेली नाही. न्यायमूर्तींचे म्हणणे साधारण याच वाटेने गेले.

यातून आपल्या विषयापुरता धडा असा : गाडीचे खरेपण तिच्या इतिहासाच्या अखंड धाग्यात असते. लोखंड बदलले तर धागा तुटत नाही, पण नोंद खोटी केली तर तो तुटतो. म्हणून जो खोटा कागद घालतो, तो गाडीला मोठे करत नाही. तिच्या खऱ्या आयुष्यावर बोळा फिरवतो. ज्या साध्या मोटारीने एका शिक्षकाला वीस वर्षे शाळेत पोचवले असेल, तिला आपण शर्यतीची घोडी होतो असे म्हणायला लावणे, हा त्या गाडीचाही अपमान आहे.

दुसरा उपाय कायद्याचा. अमेरिकेत नाणी जमवणाऱ्यांची अशीच फसगत होऊ लागली, तेव्हा १९७३ साली कायदा झाला : जुन्या नाण्याची नक्कल करायची, तर तिच्यावर 'प्रत' हा शब्द उठवलाच पाहिजे, आणि निवडणुकीच्या जुन्या बिल्ल्यांची नक्कल केली, तर तिच्यावर ती केल्याचे साल घातले पाहिजे. मोटारीच्या कागदांना हा कायदा लागत नाही. पण त्यातली युक्ती किती सोपी आहे! नक्कल करू नका, असे तो म्हणत नाही. नक्कल करा, पण तिच्या अंगावर गोंदून ठेवा.

जुन्या वास्तूंच्या जपणुकीसाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली, तिनेही हेच सांगितले : नवा घातलेला भाग मुळाशी जुळावा, पण मुळापासून ओळखूही यावा. त्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ट्युरिनची सनद मान्य केली.

आणि हा प्रश्न आता आपल्या उंबऱ्यापर्यंत आला आहे. २०२१ साली भारत सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नवे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मोठा फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी असेल, तर तिला वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळण्याची सोय त्यात आहे. त्यासाठी जुनी नोंद दाखवावी लागते. म्हणजे एखाद्या वाड्याच्या पडवीत उभी असलेली आजोबांची मोटार किंवा फटफटी आता कागद मागू लागणार. तेव्हा आपल्या घरचे जुने नोंदपुस्तक, विम्याची पावती, रस्त्याच्या कराची चिठ्ठी रद्दीत घालू नका. आणि ती नसतील, तर कोणी 'करून देतो' म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका. नसलेला कागद ही लाज नव्हे. "कागद हरवला आहे," हे चार जणांसमोर म्हणता येते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. जुन्या पत्रांच्या, नाण्यांच्या, सनदांच्या प्रती आपण वर्गात दाखवता, अवश्य दाखवा. पण मागच्या बाजूला दोन ओळी लिहा : ही नक्कल आहे, अमक्या साली केली, मूळ अमक्या ठिकाणी आहे. आणि मुलांकडूनही लिहून घ्या. उद्या त्यांच्यातला कोणी मोटारी दुरुस्त करील, कोणी तलाठी होईल, कोणी छापखाना काढील. कुठेही गेला तरी त्याचा हात त्या दोन ओळी लिहिल्याखेरीज थांबणार नाही.

नक्कल करण्यात पाप नाही. अस्सलाचा वेष घेऊन तिने बाजारात उभे राहू नये, इतकेच.